ओसाड देवळापुढे जोडे कोणासाठी काढावे?

देवळात शिरताना जोडे बाहेर काढावेत, हे आम्हांस कोणी मुद्दाम शिकविल्याचे स्मरत नाही. ज्या घरात वडील पहाटे स्नान करून, सोवळे नेसून गाभाऱ्याचे दार उघडावयास जातात, त्या घरातील मुलाचे पाय उंबरठ्याशी आपोआप थांबतात. आणि जी गोष्ट आपोआप घडते, तिच्याविषयी मनुष्य सहसा विचार करीत नाही. तो विचार करण्याचा प्रसंग आमच्यावर आला तो आमच्या गोमंतकात नव्हे, तर सहस्रावधी कोस दूर, मेक्सिको देशातील एका उजाड नगरीत. आमचे शिक्षण बारावीपर्यंतचे; शास्त्राध्ययन तीर्थरूपांच्या इच्छेप्रमाणे पुरे केले नाही, आणि पोटासाठी जहाजावर खलाशाची नोकरी पत्करली. तेव्हा पुढील विवेचनात पांडित्य शोधू नये. एका पुजाऱ्याच्या मुलास परक्यांच्या देवळापुढे जो प्रश्न पडला, तो आपल्या सभासद कुटुंबांपुढे ठेवावा, एवढाच हेतू आहे.

२०२४ सालच्या मार्च महिन्यात आमचे जहाज व्हेराक्रूझ बंदरास लागले. तेथे आमची पाळी संपली. मेक्सिको सिटीहून विमान दुसऱ्या दिवशी रात्रीचे होते. मधला एक संपूर्ण दिवस मोकळा मिळाला. आमच्याबरोबर उतरलेला एक फिलिपिनो सोबती होता. वयाने आमच्याहून थोडा मोठा, धर्माने कॅथलिक, बोलण्यात सडेतोड. त्याने तेओतिहुआकान पाहण्याचा बेत काढला आणि आम्ही होकार दिला. राजधानीच्या ईशान्येस सुमारे पन्नास किलोमीटरवर ही नगरी आहे. सकाळची बस धरली, आणि तासाभराने फड्या निवडुंगाच्या कुंपणांमागे दोन डोंगर दिसू लागले. जवळ जाता कळले की ते डोंगर नव्हेत, मनुष्यांनी रचलेली देवस्थाने आहेत.

या नगरीची थोडी हकीकत सांगितल्यावाचून पुढचा प्रश्न समजावयाचा नाही. इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांत, म्हणजे आपल्याकडे सातवाहनांचे राज्य होते त्या सुमारास, ही नगरी भरभराटीस येऊ लागली. तिचा विस्तार सुमारे वीस चौरस किलोमीटर झाला, आणि वैभवाच्या काळी एक लाखाहून अधिक लोक तिच्यात राहत असत, असे अभ्यासक मानतात. मधोमध एक सरळ रुंद राजमार्ग. त्याच्या उत्तर टोकास चंद्राचे म्हणून ओळखले जाणारे देवस्थान, पूर्वेच्या बाजूस सूर्याचे, आणि दक्षिणेकडे तटबंदीच्या आतील विशाल चौकात पिसाच्या सर्पाचे. सूर्याच्या देवस्थानाचा पाया प्रत्येक बाजूस सुमारे सव्वादोनशे मीटर असून उंची साठ मीटरांहून अधिक आहे. ओझे वाहावयास बैल नाही, घोडा नाही, गाडीचे चाक नाही, लोखंडाचे हत्यार नाही. सगळी माती आणि सगळा दगड माणसांच्या पाठीवरून वर गेला. त्यावर चुन्याचा गिलावा होता आणि गिलाव्यावर तांबडा रंग. आज जो करडा दगड दिसतो, तो त्या देवस्थानाचा सांगाडा आहे. त्याचा देह नव्हे.

आणि तरीही या नगरीचे नाव काय होते, हे कोणी सांगू शकत नाही. तेथील लोक कोणती भाषा बोलत, त्यांचा राजा कोण, देवांना ते कोणत्या नावाने हाका मारीत, यांपैकी काहीच हाती राहिलेले नाही. सहाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास राजमार्गावरील देवळे व वाडे जळाले, आणि नगरीचे तेज गेले. पुढे कित्येक शतकांनी अ‍ॅझ्टेक लोक त्या खोऱ्यात आले. त्यांना हे ओसाड डोंगर दिसले, आणि त्यांनी या स्थळास तेओतिहुआकान, म्हणजे जेथे देव घडले ते ठिकाण, असे नाव दिले. राजमार्गाच्या दुतर्फा असलेले मातीने झाकलेले चौथरे त्यांना थडगी वाटली, म्हणून त्यास त्यांनी मृतांचा मार्ग म्हटले. वस्तुतः ते देवळांचे व वाड्यांचे चौथरे होते. नाव चुकीचे पडले, आणि तेच आजतागायत चालू आहे.

आता मूळ प्रसंगाकडे वळू. सूर्याच्या देवस्थानाच्या पायथ्याशी आम्ही पोचलो तेव्हा ऊन चांगलेच तापले होते. फेरीवाले काळ्या काचेसारख्या ज्वालामुखी दगडाच्या मूर्ती विकीत होते. कोणी मातीची शिटी फुंकून चित्त्यासारखी गुरगुर काढून दाखवीत होते. पायऱ्यांच्या खाली दोरी बांधलेली होती. २०२० सालच्या साथीत त्या पायऱ्या चढणे बंद करण्यात आले, आणि आम्ही गेलो तेव्हाही ते बंदच होते. दोरीपाशी उभे राहून आम्ही मान वर केली, आणि काय होते आहे हे कळण्यापूर्वीच आमचे जोडे पायांतून निघाले होते. तळवे भाजत होते. सोबत्याने आमच्या पायांकडे पाहिले आणि विचारले, "हे तुझे देव नव्हेत. ज्यांचे होते ते लोक उरले नाहीत. खुद्द देवांची नावेसुद्धा कोणास ठाऊक नाहीत. मग तू जोडे काढलेस ते कोणासाठी?"

त्याचा हेतू थट्टेचा नव्हता. त्याला खरोखरच समजून घ्यावयाचे होते. आणि आमच्यापाशी उत्तर नव्हते.

प्रथम जे उत्तर सुचले ते असे, की देवासाठी. देव एकच आहे, नावे निरनिराळी, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. परंतु हे उत्तर आम्हांस फार स्वस्तात मिळाल्यासारखे वाटले. आपल्याच धर्मविधीत देव येतो आणि जातो, याची स्पष्ट व्यवस्था आहे. मातीच्या गणपतीत प्राणप्रतिष्ठा केली की तो देव. उत्तरपूजा करून, अक्षता टाकून मूर्ती जागची किंचित हलविली की देव निघाला आणि माती उरली. हे लहान मुलासही ठाऊक असते. मग जेथे दीड हजार वर्षांपूर्वी देवळे जळाली, पूजा थांबली, आवाहन करणारा कोणी उरला नाही, तेथे देव बसून आहे असे कोणत्या आधाराने म्हणावे?

परंतु याच उदाहरणात आम्हांस दुसरी गोष्ट आढळली. देव निघून गेल्यावर त्या मातीस आपण लाथ मारतो काय? उकिरड्यावर टाकतो काय? नाही. डोक्यावर किंवा छातीशी धरून तिला पाण्यापर्यंत नेतो, हळूच सोडतो, आणि येताना त्या जागची मूठभर माती घरी आणतो. म्हणजे देव आहे तेथेच आदर आणि देव नाही तेथे आदर नाही, असा आपलाही व्यवहार नाही. जेथे काल कोणी हात जोडले होते, तेथे आज पाय जपून टाकावा, असे काहीतरी आपल्या आचारात पूर्वीपासून मुरलेले आहे. तेव्हा सोबत्यास आम्ही सांगितले की जोडे देवासाठी नव्हे, तर येथे ज्यांनी हात जोडले त्या माणसांच्या भावासाठी काढले. तो काही वेळ चालत राहिला, मग म्हणाला, "बरे आहे." आम्हांसही ते उत्तर त्या घटकेस पुरेसे वाटले.

अ‍ॅझ्टेकांनीही असेच केले होते. या नगरीशी त्यांचे रक्ताचे नाते नव्हते. तरी त्यांचे राजे व पुरोहित येथे पूजेस येत. या स्थळाविषयी त्यांच्यात एक कथा होती. ती सोळाव्या शतकात बेर्नार्दिनो दे साहागुन या स्पॅनिश धर्मोपदेशकाने तेथील वृद्धांकडून ऐकून लिहून घेतली. सृष्टीत अंधार होता, आणि सूर्य होण्यासाठी कोणीतरी अग्नीत उडी घ्यावयाची होती. तेकुसिस्तेकात्ल हा श्रीमंत व मानी देव पुढे झाला. त्याने मौल्यवान पिसे आणि सोने अर्पण केले. नानाहुआत्सिन हा अंगभर फोड आलेला गरीब देव. त्याच्यापाशी गवताचे गोळे आणि स्वतःच्या रक्ताने माखलेले काटे, एवढेच होते. मानी देव चार वेळा अग्नीजवळ गेला आणि चारही वेळा मागे सरला. फोड आलेल्या देवाने डोळे मिटून एकदाच उडी घेतली, आणि तो सूर्य झाला. लाजेने मागाहून उडी घेणारा चंद्र झाला. तोही सूर्याइतकाच तेजस्वी दिसू लागला, तेव्हा देवांनी त्याच्या तोंडावर ससा फेकून मारला. चंद्रास शशांक म्हणणाऱ्या आपल्या लोकांना या ससाची ओळख सांगावयास नको. एवढे होऊनही सूर्य जागचा हालेना, तेव्हा सर्व देवांनी आपापले प्राण दिले, आणि मग सूर्य चालू लागला.

कथा इतिहास नव्हे; ती येथील मूळ लोकांची होती असेही म्हणता येत नाही. परंतु परक्या पडक्या देवळांपुढे उभे राहून एका समाजाला असे वाटले, की एवढे भव्य जे काही आहे ते कोणाच्या तरी आत्मार्पणावाचून उभे राहिले नसेल. ते इतिहासात चुकले. आदरात चुकले नाहीत, असे आम्ही मनाशी ठरविले. आणि येथवर आमचे सर्व विचार सुरळीत चालले होते.

दुपारी आम्ही दक्षिणेकडील चौकात, पिसाच्या सर्पाच्या देवळाशी गेलो. समोर एक पुढे काढलेला चौथरा आहे. त्यावर चढून पलीकडे पाहिले, की मूळ देवळाची दर्शनी भिंत एकदम डोळ्यांसमोर येते. पिसांच्या वर्तुळांतून बाहेर आलेली सर्पाची दगडी मस्तके, उघडे जबडे, मस्तकांच्या मधून वळवळत गेलेली शरीरे, शंखशिंपल्यांच्या आकृती. संबंध नगरीत इतके जिवंत कोरीव काम दुसरे आम्ही पाहिले नाही. तेथेही आमचे जोडे हातात होते.

याच देवळाखाली १९८० नंतरच्या दशकात जे सापडले, ते आम्ही तेथील माहितीफलकावर व पुढे पुस्तकांत वाचले. देवळाच्या पायाखाली आणि सभोवती खड्ड्यांत माणसे पुरलेली होती. १३० हून अधिक सांगाडे हाती लागले. एकूण संख्या दोनशेच्या वर असावी, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. पुष्कळांचे हात पाठीमागे, बांधल्याप्रमाणे एकत्र आलेले होते. कित्येक जण सैनिकांच्या वेषात होते. काहींच्या गळ्यांत मानवी जबड्यांच्या आकाराच्या माळा होत्या, त्यांतील बहुतेक जबडे शिंपल्यांचे कोरलेले. स्त्रियाही होत्या. हाडांच्या व दातांच्या परीक्षणावरून असेही दिसले, की त्यांतील अनेकांचे बालपण या नगरीत गेलेले नव्हते. इसवी सन २०० च्या सुमारास, देऊळ बांधले जात असता, ते देवळास अर्पण करण्यात आले.

हे वाचल्यावर आमच्या हातातील जोड्यांकडे आमचे लक्ष गेले. येथे ज्यांनी हात जोडले त्यांच्या भावासाठी जोडे काढले, असे सकाळी आम्ही ऐटीने म्हटले होते. परंतु ज्यांनी हात जोडले त्यांनीच दुसऱ्यांचे हात बांधले होते. त्यांचा भाव खोटा होता असे म्हणावे, तर तसे वाटत नाही. इतके कष्ट खोट्या भावाने होत नाहीत. भाव खरा होता, आणि तरीही कृत्य भयंकर होते. हा विचार मनात येताच आम्ही खाली बसलो, आणि जोडे पायांत घातले. सोबती काही बोलला नाही.

येथे एक सोपी पळवाट आहे, ती आम्हांस तेथेच सुचली होती. ते रानटी लोक होते, त्यांचा धर्मच तसा, असे म्हणून मोकळे व्हावे. १५१९ साली याच व्हेराक्रूझच्या किनाऱ्यावर उतरलेल्या स्पॅनिशांनी हेच म्हटले, आणि १५२१ साली अ‍ॅझ्टेकांची राजधानी पाडून तिच्या देवळांच्या दगडांवर आपली राजधानी उभी केली. नरबळी थांबले ही गोष्ट खरी. परंतु त्यासाठी किती माणसे मेली, याचा हिशेब त्या विजयात मांडला गेला नाही. गोमंतकीय वाचकांस याहून अधिक सांगणे नको. १५१० साली ज्यांनी गोवा घेतला, त्यांनी त्याच शतकात तिसवाडी, बारदेश आणि साष्टीतील आपली देवळे पाडताना आपल्याविषयीही असेच शब्द वापरले होते. दुसऱ्याच्या देवळातील पाप बोट दाखवून सांगणारा मनुष्य पापाचा शत्रू असतोच असे नाही. पुष्कळदा त्याला देवळाच्या जागेचीच गरज असते.

दुसरी पळवाट याच्या उलट दिशेची आहे. काळ वेगळा होता, त्यांच्या समजुतीप्रमाणे ते योग्यच होते, आपण न्याय करणारे कोण, असे म्हणून पुनः जोडे काढावेत. हेही आम्हांस पटत नाही. ज्याचे हात पाठीमागे बांधले होते, त्याच्या समजुतीप्रमाणे ते योग्य होते काय, हे कोणी विचारले होते? न्याय करावयाचा नाही असे ठरविले, की आपण नकळत हात बांधणाऱ्याच्या बाजूस जाऊन उभे राहतो. कारण त्याचे देऊळ उभे आहे, आणि बांधलेला मातीखाली आहे.

अशा मनःस्थितीत आम्ही जवळच्या तेपान्तित्ला नावाच्या वाड्यात गेलो. या नगरीत अशी सुमारे दोन हजार मोठी राहती घरे होती. एका घरात अनेक कुटुंबे राहत. मध्ये मोकळा चौक आणि चौकात लहानसे देवस्थान. अशा घरांतून पाठीत वाकलेल्या, सुरकुतल्या चेहऱ्याच्या वृद्ध अग्निदेवतेच्या दगडी मूर्ती सापडल्या आहेत. तो आपल्या डोक्यावर निखाऱ्यांचे भांडे घेऊन बसलेला असतो. घरातील मृतांना घराच्याच जमिनीखाली पुरीत. तेपान्तित्लाच्या भिंतींवर चित्रे आहेत. त्यांत पाण्याच्या काठी लहान लहान माणसे खेळतात, नाचतात, फुलपाखरांच्या मागे धावतात. मोठ्या देवळांपुढे आम्हांस आपण क्षुद्र आहोत असे वाटत होते. येथे मात्र शेजाऱ्याच्या घरी आल्यासारखे वाटले. चौकातील त्या देवस्थानाशी कोणी बाई पहाटे निखारे फुंकीत असेल, हे डोळ्यांपुढे येण्यास काही प्रयास पडला नाही. आणि तिला राजमार्गावरील देवळाखाली काय आहे, हे ठाऊक तरी असेल काय? असेल, तर ती काय करू शकत होती?

नगरी जळाली ती कशी, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. पण एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली आहे. आग सर्वत्र सारखी लागलेली नाही. ती मुख्यत्वे राजमार्गावरील देवळांना आणि सत्ताधाऱ्यांच्या वाड्यांना लावलेली दिसते. सामान्यांची घरे बहुतांशी वाचली. म्हणून पुष्कळांचे मत असे, की बाहेरच्या शत्रूपेक्षा नगरीतीलच लोक उठले असावेत. हे मत खरे असेल, तर त्यात एक फार गंभीर गोष्ट आहे. ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी पाठीवर दगड वाहून ती देवळे रचली, त्यांनाच ती एके दिवशी आपली वाटेनाशी झाली.

आपल्या पूर्वजांचे उदाहरण याच्या अगदी उलट आहे. सोळाव्या शतकात देवळे पडू लागली, तेव्हा लोकांनी मूर्ती रातोरात नदीपलीकडे अंत्रूज महालात नेल्या. कुशस्थळीचा मंगेश प्रियोळास आला. केळोशीची शांतादुर्गा कवळ्यास आली. दगड मागे राहिले, देव पुढे गेला. देव पुढे गेला म्हणजे काय झाले? कोणीतरी आपले घरदार सोडून त्याला उचलून नेले. तेओतिहुआकानात उचलून नेण्यासारखे देव होते. उचलणारे हात नव्हते. देऊळ पाडणाऱ्याच्या आगमनाने देऊळ मरत नाही. ज्या दिवशी घराघरांतील माणसांस ते आपले वाटेनासे होते, त्या दिवशी ते मरते. मग ते उभे असो वा पडो.

हा विचार करीत असता आम्हांस आमच्याच देवळातील एक जागा आठवली. लहानपणी दीपस्तंभापाशी खेळताना, त्याच्या पलीकडील एका झिजलेल्या दगडावर कोणी बसत नाही असे आमच्या ध्यानात आले होते. कारण विचारले असता तीर्थरूप गप्प राहिले. पुढे आम्ही मोठे झाल्यावर त्यांनी सांगितले, की त्यांच्या वडिलांच्या काळी काही लोक त्या दगडाच्या अलीकडे येत नसत, येऊ दिले जात नसत. नारळ ते तेथे ठेवीत. आतून कोणी जाऊन तो उचलून आणी, आणि प्रसाद तेथेच वरून टाकला जाई. १९३० साली नाशकास काळारामाच्या दारी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला, १९४७ साली पंढरपूरच्या दारासाठी साने गुरुजींनी उपोषण केले, हे आम्ही शाळेच्या पुस्तकात वाचले होते. तो दगड मात्र पुस्तकात नव्हता. आमच्या आजोबांचा भाव खोटा नव्हता. ते फार सोज्ज्वळ गृहस्थ होते, असे सारे गाव सांगते. भाव खरा होता, आणि दगड दीपस्तंभापलीकडे होता. आम्ही नरबळी आणि बहिष्कार एका तागडीत घालीत नाही. परंतु ज्याच्या देवळाच्या आवारात असा एक दगड आहे, त्याने परक्या देवळाखालील खड्डे पाहून नुसते जोडे घालून चालते होणे, यात काही प्रामाणिकपणा नाही, एवढे आम्हांस कळले.

मग काय करावे? येथे आम्हांस आपल्याच एका रीतीने वाट दाखविली. जोडे आपण केवळ देवळापुढेच काढतो असे नाही. प्रेतयात्रेत हातात मडके धरून पुढे चालणारा मुलगाही अनवाणीच असतो. तेथे तो कोणाची स्तुती करीत नसतो, कोणाच्या कृत्यास मान्यता देत नसतो. आपण ज्या भूमीवर चालतो तिच्याशी आज आपले काही विशेष देणे आहे, एवढेच त्याचे उघडे पाय सांगतात. म्हणजे अनवाणी होण्याचा मूळ अर्थ वंदन हा नसून, मध्ये काही न ठेवता उभे राहणे हा असावा. देवापुढे तसे उभे राहिले की ते वंदन होते. मृतापुढे राहिले की शोक. आणि ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्यापुढे राहिले, तर ती त्याच्या दुःखाची दखल होते.

कोणी म्हणेल, असे पाहू गेल्यास पृथ्वीवरील प्रत्येक पाऊलभर जमिनीखाली कोणी ना कोणी गाडलेला आहे. मग माणसाने जन्मभर अनवाणीच हिंडावे काय? आक्षेप खरा आहे. म्हणूनच माणसाने काही जागा ठरवून घेतल्या. सर्वत्र जोडे काढता येत नाहीत, म्हणून निदान एका उंबरठ्याशी काढावेत. सर्व वेळ स्मरण ठेवता येत नाही, म्हणून निदान एका घटकेस ठेवावे. आमच्या अल्प बुद्धीस देवळाचे प्रयोजन हेच दिसते. आणि पुजाऱ्याचे कामही त्या उंबरठ्याची राखण करणे हेच आहे. तेओतिहुआकानात पुजारी उरला नाही. त्याचे काम एक दोरी आणि शिटी वाजविणारा पहारेकरी करतो. येथवर या, पुढे नको, असे तो सांगतो. ती दोरीही वायफळ नव्हे. १९०५ ते १९१० या वर्षांत लेओपोल्दो बात्रेस यांनी सूर्याचे देवस्थान मोकळे केले. स्वातंत्र्याच्या शताब्दीस ते शोभिवंत दिसावे अशी घाई होती. त्या भरात वरचा काही मीटर जाडीचा थर खरवडून गेला, आणि मूळ रूप कायमचे बदलले. कौतुकही जपून केले नाही तर ओरबाडते. परंतु उंबरठा आणि भिंत यांत अंतर आहे, आणि ते पुजाऱ्याने कधी विसरू नये. उंबरठा सर्वांना सारखाच थांबवितो, आणि सर्वांना सारखाच आत घेतो. जो काहींना थांबवितो आणि काहींना नाही, तो उंबरठा नव्हे, ती भिंत आहे.

परतीच्या बसची वेळ होत आली होती. फाटकाकडे जाताना पुनः सर्पाच्या देवळाचा तो चौक लागला. आम्ही सोबत्यास थांबण्याची विनंती केली, आत गेलो, आणि जोडे काढले. या खेपेस ते आपोआप निघाले नाहीत. वाकून, बंद सोडून, समजून काढावे लागले. हात जोडले नाहीत. थोडा वेळ नुसते उभे राहिलो. परत आल्यावर सोबत्याने सकाळचाच प्रश्न विचारला नाही, परंतु त्याच्या मनात तो होता हे दिसत होते. आम्ही त्यास सांगितले, "सकाळी ज्यांनी देऊळ बांधले त्यांच्यासाठी काढले होते. आता ज्यांच्यावर ते बांधले त्यांच्यासाठी." तो काही बोलला नाही, त्याने स्वतःच्या छातीवर क्रूसाची खूण केली, आणि आम्ही बसकडे निघालो.

घरी आल्यावर ही सर्व हकीकत तीर्थरूपांस सांगितली. त्यांचे वय झाले आहे, आणि आम्ही नोकरी सोडून पूजा सांभाळावी ही त्यांची इच्छा आम्हांस ठाऊक आहे. त्यांनी ती या खेपेस बोलून दाखविली नाही. एवढेच म्हणाले, की तो दीपस्तंभापलीकडचा दगड काढून टाकावा असे त्यांच्या पुष्कळदा मनात आले होते. आम्ही त्यांना तो काढू नये अशी विनंती केली. काढला तर आवार नीट दिसेल, परंतु तेथे काय होत असे हे आमच्या मुलांना कोण सांगणार? नोकरीविषयीचा निर्णय अजून आमच्याच्याने झालेला नाही, आणि तो झाल्याचे भासवून वाचकांची फसवणूक करावयाची नाही. मात्र रजेवर असेपर्यंत सायंकाळची दिवाबत्ती आम्ही करतो. पहिला दिवा गाभाऱ्यात लावतो. त्यानंतर एक पणती घेऊन त्या झिजलेल्या दगडापर्यंत जातो, आणि तेथेही अनवाणीच जातो.